बहुसंवेदी की बहुसंवेदनशील?

प्रश्न असा: डोळा, कान, त्वचा अशा एकाहून अधिक इंद्रियांची माहिती जुळवणाऱ्या मेंदूतल्या पेशींना ‘बहुसंवेदी’ म्हणावं की ‘बहुसंवेदनशील’? आणि संवेदना तर शोकसभेत व्यक्त करतात, ती इथे कशी आली?

बहुसंवेदी. बहुसंवेदनशील पेशी म्हणजे कुणी जरा वावगं बोललं की डोळ्यांत पाणी आणणारी पेशी. हा भाग संपला.

दुसऱ्या भागाने मात्र डोकं उठतं. ‘कुटुंबीयांप्रति संवेदना व्यक्त केल्या’ हे हिंदी आहे. लिपी तीच म्हणून मराठीत खपून जातं. आपण शोक व्यक्त करतो, सांत्वन करतो, फार तर सहवेदना कळवतो. संवेदना म्हणजे जाणीव. भूल दिल्यावर हिरडीची संवेदना जाते, तेव्हा हिरडीची सहानुभूती आटलेली नसते.

धातू ‘विद्’, म्हणजे जाणणे. वेद, विद्या, विद्वान आणि वेदनाही त्यातलीच. पालीत वेदना तीन प्रकारची: सुखाची, दुःखाची आणि दोन्ही नसलेली. मराठीने मधली तेवढी ठेवून घेतली. लॅटिनमधलं ‘विदेओ’, म्हणजे ‘मी पाहतो’, हेही याच कुळातलं; तेव्हा वेदना आणि व्हिडिओ ही भावंडं. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत ‘वेदप्रतिपाद्या’ आणि ‘स्वसंवेद्या’ शेजारी शेजारी आहेत. तिथे कुणी कुणाचं सांत्वन करत नाही.

आता खरी गंमत ‘सम्’मध्ये. कोशवाले इथे ‘सम्’ म्हणजे ‘नीट, पूर्णपणे’ असं सांगून मोकळे होतात. व्याकरणाला ते पुरेल, मला पुरत नाही. संगम, संगत, संमेलन यांतला ‘एकत्र’ हा अर्थ घ्या, की संवेदना म्हणजे एकत्र जाणणं. या पेशी नेमकं तेच करतात, म्हणून माझं मत असं की ‘बहु’सुद्धा जास्तीचं आहे.

माकडाच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, एमएसटीडी नावाचा भाग आहे. गू, अँजेलाकी आणि डीअँजेलिस यांनी २००८ साली त्यातल्या चेतापेशींवरचं काम प्रसिद्ध केलं. माकड हलत्या चौथऱ्यावर, समोर पडद्यावर सरकणारे ठिपके. आपण सरळ रेषेच्या डावीकडे चाललो की उजवीकडे, हे त्याने नजर वळवून सांगायचं: कधी फक्त चौथरा हलवून, कधी फक्त ठिपके सरकवून, कधी दोन्ही मिळून. डोळा आणि (शरीराची हालचाल जाणणारा) आतला कान सारखेच भरवशाचे असतील, तर दोन्ही मिळून ओळखता येणारा किमान कोन सुमारे ३० टक्क्यांनी कमी व्हायला हवा, असं गणित सांगतं (भागिले वर्गमूळ २). निकाल त्याच्या जवळपास आला. मेख ‘सारखेच भरवशाचे’ यात आहे. एक इंद्रिय फार वरचढ असेल तर दुसऱ्याची भर मोजमापात दिसतच नाही, म्हणून काही ठिपके मुद्दाम सैरावैरा सोडून डोळ्याचा भरवसा खाली आणावा लागतो. तसं केलं की पेशीही डोळ्याच्या माहितीचं वजन कमी करते, कानाचं वाढवते.

तेव्हा ‘एकत्रीकरण’ हा परिभाषावाल्यांचा लाडका शब्द मला पटत नाही. एकत्रीकरण गोण्यांचं होतं. इथे प्रत्येकाचं वजन ठरवून मेळ घातला जातो, आणि ‘मेळ’ हा शब्द घरात असताना सहा अक्षरं कशाला? ‘एक अधिक एक तीन’, म्हणजे दोन इंद्रियं मिळून पेशीचा प्रतिसाद बेरजेहून मोठा, हे जे सर्रास सांगतात, ते मुख्यतः मांजराच्या मध्यमेंदूतलं, तेही उद्दीपनं क्षीण असताना. कॉर्टेक्सच्या या भागात उत्तर बहुधा दोनहून कमीच येतं.

शेजारची लोकल सुटली आणि आपलीच सुटल्यासारखं वाटलं, तर तो मेळ बिघडला. आतल्या कानाला वेगातला बदल कळतो, एकसारखा वेग कळत नाही. त्यामुळे त्याचं गप्प राहणं हा ठाम नकार ठरत नाही आणि डोळ्याचं खरं मानलं जातं.

एमएसटीडीत काही पेशींना डोळा आणि कान यांच्याकडून एकच दिशा आवडते (म्हणजे त्या दिशेला त्या सर्वांत जोरात प्रतिसाद देतात), काहींना एकमेकांच्या उलट दिशा. पहिल्यांना संवादी, दुसऱ्यांना विसंवादी म्हणायला हरकत नाही. फक्त संवादातला धातू ‘वद्’ आहे, ‘विद्’ नव्हे. त्यावरून पुढचं पत्र पाठवू नका.