‘ही तासभर बाथरूममध्ये काय करते?’

‘मॅडम, हिला तो सारखं धुण्याचा आजार झालाय का, तेवढं बघून सांगा.’

फोनवर गृहस्थ थेट मुद्द्यावर आले. बायको ४७ वर्षांची, घर सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला. रोज रात्री साडेनऊला अंघोळीला जाते ती साडेदहाशिवाय बाहेर येत नाही. गिझर चालूच. हातापायांची कातडी पांढरी पडून तडकलीय, रात्रभर खाजवते, तरी दुसऱ्या दिवशी तेच. झोप तर नाहीच. दार वाजवलं की ‘आले’ म्हणते आणि पुढची वीस मिनिटं येत नाही.

आजाराचं नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं, त्याला कारणही होतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोमचे (हातापायांतली ताकद जाते असा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण एकामागून एक आढळले आणि पाण्याच्या नावाने त्या भागातली माणसं धास्तावली. यांच्याही घरात तेव्हापासून पिण्याचं पाणी उकळायला लागलं, भाजी तीन-तीन वेळा धुतली जाऊ लागली. नवऱ्याने दोन आणि दोन चार केले.

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कधी नवरा विचारतो, कधी सासू, कधी कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीची मैत्रीण. म्हणून त्या बाईंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, लिहिते आहे.

फोनवर मी पहिला प्रश्न मनाबद्दल विचारलाच नाही. विचारलं, ‘गिझर गॅसचा की विजेचा?’ गॅसचा, आणि बाथरूमच्या आतच. वरचा झरोका? थंडीत वारा येतो म्हणून त्याला पुठ्ठा लावलेला. बाहेर आल्यावर त्यांचं डोकं दुखतं का? ‘हो, जवळजवळ रोज. आम्हाला वाटलं, टेन्शनने.’

माझ्या पोटात गोळा आला. हवा पुरेशी नसताना गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, आणि दार उघडायच्या आत माणूस कोसळू शकतो. मी त्यांना सांगितलं, पुठ्ठा आत्ता काढा, आजपासून तो गिझर लावू नका, पाणी शेगडीवर तापवून बादलीत घ्या, आणि उद्या डॉक्टरांना दाखवा. चार दिवसांत त्यांनी गिझर काढून बाहेर ड्राय बाल्कनीत बसवून घेतला. डोकेदुखी आठवड्याभरात थांबली. ती त्या वायूमुळेच होती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण आता कुणी अंघोळीला फार वेळ लावतं असं कळलं की माझा पहिला प्रश्न गिझरचाच असतो.

मग त्या स्वतः आल्या. एकट्याच. पूर्ण बाह्यांचा कुर्ता, मनगटाशी ओरखडे. मी विचारलं, साबण किती वेळा लावता? काही मोजता का? बाहेर आल्यावर पुन्हा धुवावंसं वाटतं का?

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘धुतच नाही हो मी फारसं. अंघोळ पाच मिनिटांत होते. मग नुसती बसते, पाटावर.’

‘आणि पाणी?’

‘अधूनमधून घेत राहते अंगावर, चांगलं कढत. नळ मात्र सोडूनच ठेवते. पाण्याचा आवाज येत असला की कोणी हाक मारत नाही.’

इथे उलगडलं. ज्याला आपण सरसकट ‘धुण्याचा आजार’ म्हणतो, त्या ओसीडीत, म्हणजे मंत्रचळात, माणसाला पाण्याखाली सुख नसतं. हात मळलेत, काहीतरी राहिलंय हा विचार टोचत राहतो, धुतलं की क्षणभर उतरतो आणि पुन्हा चढतो. धुणं नकोसं झालेलं असतं, तरी थांबवता येत नाही. त्यावर चांगले उपचार आहेत आणि ते लवकर घ्यावेत. उलट बाजूही सांगते, कारण ती हमखास नजरेतून सुटते. नीटनेटकं राहणारं माणूस दिवसच्या दिवस अंघोळच टाळायला लागलं, ‘काय करायचंय’ म्हणू लागलं, तर तो आळस समजू नका. ते नैराश्य असू शकतं. कुणाशी बोलावं हे सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. या बाईंचं मात्र दोन्हींपैकी काहीच नव्हतं. त्यांना त्या तासात बरं वाटत होतं. दिवसभरात तेवढ्याच वेळात.

घरात सासूबाईंना स्मृतिभ्रंश. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आतून कडी लावून घेतली आणि ती उघडायची कशी हे विसरल्या. शेवटी सुतार बोलावून दार काढावं लागलं. त्यानंतर खबरदारी म्हणून दोन्ही खोल्यांच्या आणि सासूबाईंच्या न्हाणीघराच्या कड्या काढून टाकल्या. नवऱ्याचं ऑफिस २०२० पासून बेडरूममध्ये. मुलगी इंजिनिअरिंगला, ती हॉलमध्ये. पूर्ण घरात आतून लावता येईल अशी एकच कडी उरली होती, ती या बाथरूमची.

मी त्यांना विचारलं, ‘तुम्हाला निवांत अंघोळ आठवते का? शेवटची?’

मला वाटलं होतं, एखाद्या सहलीतली, हॉटेलातली सांगतील. त्या म्हणाल्या, ‘बाळंतपणातली. आईने घातलेली.’ माहेर भोरकडचं. मागच्या दारी बंब, त्यात लाकडं कोंबलेली, घंगाळात पाणी. आई आधी पाठीला तेल जिरवायची, मग तांब्या-तांब्याने पाणी ओतायची, मध्येच हात घालून बघायची आणि विसण घालायची. ‘मला काही करायचंच नव्हतं. नुसतं बसायचं होतं.’ दर दिवाळीला नरक चतुर्दशीच्या पहाटे उठून तेल कोमट करायचं, सगळ्यांना लावायचं, उटणं कालवायचं, हे त्या वीसेक वर्षं करत होत्या. त्यांच्या पाठीला मात्र त्या बाळंतपणानंतर कुणी तेल लावलेलं नव्हतं. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. सांगता सांगता त्यांच्याच लक्षात आलं.

आता त्वचेचं आणि झोपेचं. मला वाटतं, निवांत अंघोळीबद्दल जे सांगितलं जातं त्यात सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते.

गरम पाण्याने झोप येते हे खरं आहे, आणि ते का हेही माहीत आहे. संध्याकाळनंतर शरीराच्या आतलं तापमान हळूहळू उतरू लागतं. ही उतरण झोपेची तयारी असते. गरम पाण्याने तळहात-तळपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त कातडीकडे धावतं आणि आतली उष्णता बाहेर टाकली जाते. म्हणजे पाणी गरम असलं तरी अंघोळीनंतर शरीर आतून थंड होत जातं. पण त्याला वेळ लागतो. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये यावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसचं पाणी, झोपण्याआधी एक-दोन तास, अगदी दहा मिनिटं जरी घेतलं तरी झोप लवकर लागायला मदत होते, असं त्यांना दिसलं. आमच्या बाई करत होत्या नेमकं उलटं. पाणी जवळजवळ सोसवणार नाही इतकं कढत, वेळ एक तास, आणि बाहेर आल्या की लगेच अंथरुणावर. शरीर तापलेलं असताना झोपेची आराधना करायची म्हटल्यावर एक वाजणारच.

आणि कातडी? कढत पाणी आणि साबण मिळून त्वचेवरचा तेलकट थर धुऊन नेतात. तो गेला की आतला ओलावा उडतो, कातडी ओढल्यासारखी होते, खाज सुटते. खाजवलं की चिरा. त्यात टँकरचं नाही तर बोअरचं जड पाणी असेल तर साबण नीट निघत नाही, त्याचा पापुद्रा अंगावरच राहतो. शिवाय पाळी जायच्या सुमाराला बायकांची त्वचा एरवीही कोरडी पडते आणि झोपही तुटक होते. म्हणून मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, थायरॉइडही तपासून घ्यायला सांगितलं. सगळा भार अंघोळीवर टाकायचा नसतो.

म्हणजे झोपेला ऊन पाणी हवं आणि कातडीला नको. यातून वाट काय? वाट जुनीच आहे. कढत पाणी डोक्यावर घेऊ नये, त्याने केसांचं आणि डोळ्यांचं बळ जातं, ते अंगाच्या खालच्या भागावर घ्यावं, असं आयुर्वेदाचार्य वाग्भटाने सांगून ठेवलं आहे. त्यांना ठरवून दिलं ते असं. अंगावरची अंघोळ कोमट पाण्याची, दहा मिनिटांच्या आत, साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना. अंग टॉवेलने रगडायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर असतानाच डॉक्टरांनी दिलेलं मलम किंवा साधं पेट्रोलियम जेली लावायचं. अंग तडकलेलं आहे तोवर उटणं, वज्री, घासणी सगळं कपाटात. ऊन पाणी फक्त पायांना. अर्धी बादली, पोटऱ्या बुडतील इतकं, हाताला चांगलं ऊन लागेल पण हात आत ठेवता येईल असं. पंधरा मिनिटं. झोपायच्या तासभर आधी.

पाय भिजवायला टब लागत नाही, गिझर अखंड चालावा लागत नाही. त्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, आणि वाहत्या नळाची टोचणी त्यांना रोज लागलेली असायची. अर्ध्या बादलीत आठ-दहा लिटर पाणी मावतं, तेही नंतर न्हाणीघर धुवायला कामी येतं. ‘एवढंच?’ त्या म्हणाल्या, आणि मला त्या आवाजात पहिल्यांदा हलकेपणा ऐकू आला.

मुलीने कौतुकाने आईसाठी मॉलमधून एप्सम मीठ आणि सुगंधी गोळ्या आणल्या होत्या. पाकिटावर लिहिलेलं, शरीरातली विषं बाहेर पडतात. तसं होत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घाम म्हणजे बहुतेक पाणी आणि मीठ. एप्सम मिठातलं मॅग्नेशियम कातडीतून पुरेसं आत जातं याचाही भक्कम पुरावा नाही, आणि तडकलेल्या कातडीला सुगंधी द्रव्यं झोंबतात. मुलीला वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं, ती परीक्षा संपल्यावर तू वापर. आईला तुझ्याकडून दुसरं काहीतरी हवंय.

काय हवंय, ते पुढच्या भेटीत तिघं समोर बसल्यावर निघालं. नवरा जरा दुखावला होता. ‘मग हिने सांगायचं ना, मला वेळ हवाय म्हणून.’

‘काय सांगू? मला नुसतं बसायचंय, असं?’

या वाक्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही नाही. स्वयंपाक करायचाय, आईंना औषध द्यायचंय, कपडे वाळत घालायचेत, अशी कारणं आपल्या घरांत चालतात. बसायचंय हे कारण चालत नाही. अंघोळ मात्र चालते. म्हणून कितीतरी बायकांची विश्रांती अंघोळीच्या नावावर खपते, आणि मग ती लांबली की घरचे घाबरतात. मी त्या नवऱ्याला दोष देत नाही. त्याने फोन केला, म्हणून तो झरोका उघडला.

ठरलं ते थोडक्यात सांगते. दुपारी चार तास सासूबाईंसाठी मदतनीस बाई. रात्री नऊ ते साडेनऊ सासूबाईंजवळ नवरा किंवा मुलगी, आलटून पालटून, आणि त्या अर्ध्या तासात कुणीही, कशासाठीही हाक मारायची नाही. पहिल्या आठवड्यात तीनदा मोडलं. मिक्सरचं झाकण कुठे आहे, हे विचारायला मुलगी आली होती. दुसऱ्या आठवड्यात एकदा.

तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याने विचारलं, आईचेही पाय असे भिजवले तर? सासूबाईंना मधुमेह आहे, तेव्हा मी आधी डॉक्टरांना विचारायला लावलं. मधुमेहात पायांची जाणीव बोथट होते, पोळलं तरी कळत नाही, जखम चिघळते. डॉक्टरांनी नको सांगितलं, विषय संपला. रक्तदाब कमी असणाऱ्यांनी, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनीही फार गरम पाण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. ऊन पाण्यातून झटकन उठलं की चक्कर येते, ती धडधाकट माणसालाही.

दीड महिन्याने त्या आल्या तेव्हा बाह्या कोपरापर्यंत होत्या. ओरखडे वाळले होते. झोप पडल्या पडल्या लागत नाही, पण आता रात्रीचा एक वाजत नाही म्हणाल्या. बाथरूममधून पंधरा मिनिटांत बाहेर येतात. पाय बादलीत सोडून मागच्या खोलीत बसतात, मोबाइल हॉलमध्ये ठेवून. दिवाळीच्या पहाटे मुलीने, कुणी न सांगता, तेलाची वाटी घेतली आणि ‘आई, तू आधी बस’ म्हणाली. तेल जरा जास्तच तापवलं होतं, पाठीला चटका बसला. तो चटका सांगताना त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

जाता जाता दाराशी थांबल्या. नवऱ्याने मागच्या खोलीला कडी बसवून घेतली होती, उंचावर, सासूबाईंचा हात पोचणार नाही अशी.

‘लावता का?’ मी विचारलं.

‘रोज नाही. कालच लावली होती.’