वाचकांचे प्रश्न : झटका मशीन मोठे हवे की अर्थिंग चांगले?

जनावरांच्या चराईसाठी सौर झटका कुंपण (सौर बॅटरीवरच्या मशीनने तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारे कुंपण) करणाऱ्या, किंवा करून अडचणीत आलेल्या, मराठवाड्यातील वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी ४ एकर पडीक जमीन चराईसाठी राखलेली आहे. तीत ८ देवणी गाई-कालवडी आणि ३० उस्मानाबादी शेळ्या सोडायच्या आहेत. एक दुकानदार १० एकरांचे मशीन दाखवतो, तर दुसरा ५० एकरांचे. कोणते घ्यावे आणि तारा किती ओढाव्यात? (एक पशुपालक, उदगीर तालुका, जि. लातूर)

उत्तर : खोक्यावरचा एकरांचा आकडा पाहून मशीन घेऊ नये, कारण तो बहुधा गवताचे पातेही न टेकलेली एकच तार गृहीत धरून छापलेला असतो. पाहायचे ते ज्यूल, म्हणजे एका झटक्यातली ऊर्जा, आणि त्यातही मशीन आत साठवते ते ज्यूल वेगळे व प्रत्यक्ष तारेवर सोडते ते वेगळे, हे दुकानातच विचारून घ्यावे. आपला तुकडा चौकोनी असेल तर त्याचा घेर ५१० मीटरच्या आसपास भरेल, म्हणजे चार तारा ओढल्या तरी एकूण तार दोन किलोमीटरच होते. एवढ्याला तारेवर १ ते २ ज्यूल सोडणारे मशीन पुरेसे आहे. मशीनवर आय.एस. ३०२-२-७६ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का, ते अवश्य पाहावे. सुट्या भागांतून जुळवलेली गावठी मशीन स्वस्त मिळतात. ती मी माझ्या गोठ्याजवळ लावणार नाही.

केवळ गाई असत्या तर ३ फुटांवर एक आणि वासरांसाठी दीड फुटावर दुसरी, अशा दोन तारांत काम भागले असते. शेळीचे तसे नाही. ती तारेवरून उडी मारण्याआधी तारेखालून वाट शोधते, म्हणून पहिली तार जमिनीपासून ६ इंचांवर, दुसरी १४, तिसरी २४ आणि चौथी ३६ इंचांवर घ्यावी, आणि जिथे जमीन खोलगट आहे तिथे एक जास्तीचा खांब रोवून खालची तार दाबून घ्यावी. तार अडीच मिलिमीटरची, जस्ताचा मुलामा असलेली असावी. काटेरी तारेत हा करंट कधीही सोडू नये, कारण अडकलेले जनावर किंवा माणूस झटपट सुटू शकत नाही. बाभळीचे लाकडी खांब वापरलेत तरी इन्सुलेटर हवेतच, कारण भिजलेले लाकूड करंट वाहते. पाण्याच्या पाइपचे तुकडे कापून बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते, पण उन्हाने ते तडकतात आणि तार खांबाला टेकते.

कुंपण पूर्ण झाल्यावर जनावरे एकदम आत सोडून निघून जाऊ नये. पहिले एक-दोन दिवस लहान आवारात, नजरेसमोर ठेवून त्यांना तारेची ओळख होऊ द्यावी. जनावर तार हुंगते, ओल्या नाकाला झटका बसतो आणि ते मागे सरते; तोच झटका पळता पळता पाठीवर बसला तर ते तार तोडून पुढे जाते.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या कुंपणाचा झटका जबरदस्त होता. फेब्रुवारीपासून शेळ्या खुशाल तारेखालून निघून जातात. मशीन टक् टक् वाजते, बॅटरीही नवी आहे. दुकानदार म्हणतो, मशीन कमी पडते, मोठे घ्या. (एक वाचक, गेवराई तालुका, जि. बीड)

उत्तर : मोठे मशीन घेऊ नका, आधी अर्थिंग उपसून पाहा. करंट मशीनमधून तारेत येतो, तारेतून जनावराच्या अंगात, खुरांतून मातीत, आणि मातीतून अर्थिंगच्या सळईवाटे पुन्हा मशीनमध्ये परततो. हा फेरा पूर्ण झाला तरच झटका बसतो. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात ओली असते, तेव्हा परतीची वाट मोकळी असते; उन्हाळ्यात तीच जमीन हातभर भेगाळते, सळईभोवतीची माती आक्रसून सळईला सोडते, आणि वर शेळीचे खूर कोरडे ठणठणीत. मशीन कितीही मोठे असले तरी परतायची वाट बंद असेल तर ते नुसते वाजत राहते.

मागच्या मे महिन्यात औसा तालुक्यातील एका आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) मी असेच कुंपण तपासले. टेस्टरवर (कुंपणाचे व्होल्ट मोजण्याच्या यंत्रावर) मशीनपाशी ८,००० व्होल्ट दिसत होते आणि मालक त्यावर समाधानी होते. त्यांच्या करडांना मात्र तारेचे काही वाटत नव्हते. अर्थिंग कुठे आहे, असे विचारल्यावर त्यांनी गोठ्याच्या भिंतीलगत रोवलेली, स्लॅबच्या कामातून उरलेली दोन फुटी सळई दाखवली. मी ती दोन बोटांनी धरून हलवली, तर भोकातल्या भोकात खुळखुळली. तिला तांब्याची वायर पिळून बांधलेली होती आणि पिळाखाली गंजाचा पापुद्रा धरला होता. त्याच दिवशी जस्ताचा मुलामा असलेल्या ६ फुटी तीन सळया, एकमेकींपासून १० फूट अंतरावर, जनावरांच्या पाण्याच्या हौदाचे पाणी सांडते त्या बाजूला ठोकल्या आणि तिन्ही एकाच जीआय (जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडी) तारेने क्लॅम्प लावून जोडल्या. मशीन तेच राहिले. संध्याकाळी करडे तारेपासून हातभर लांब उभी होती.

आपणही असेच करावे, मात्र घराच्या किंवा मोटारीच्या विजेच्या अर्थिंगपासून या सळया किमान १० मीटर दूर ठेवाव्यात. नंतर एक चाचणी घ्यावी. मशीन बंद करून कुंपणावर ३०० फूट दूर लोखंडी सळया मातीत रोवून तारेला टेकवाव्यात, मशीन सुरू करावे आणि तारेवरचा दाब २,००० व्होल्टच्या खाली आला की अर्थिंगच्या शेवटच्या सळईला टेस्टर लावावा. टेस्टरची दुसरी पिन ३ फुटांवर मातीत खोचावी. इथे ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर आणखी सळया लागतील. उन्हाळाभर त्यांच्या बुडाशी आठवड्याला घागरभर पाणी ओतत जावे.

मुरमाड माळावर इतके करूनही भागत नाही. तिथे खालून दुसरी तार करंटला न जोडता अर्थिंगला जोडावी. दोन तारांमधून अंग काढणारी शेळी एकाच वेळी दोन्ही तारांना टेकते आणि मातीची गरजच उरत नाही. या रचनेत तार सैल सोडून चालत नाही. दोन तारा एकमेकींना चिकटल्या की सगळे कुंपण निपचित पडते.

प्रश्न : पावसाळ्यात तारेवर व्होल्टेज टिकत नाही. शेजारी सुचवतात की रात्रीपुरती सरळ लाइट जोडावी, म्हणजे रोही (नीलगायी) आणि रानडुकरेही येणार नाहीत. (एक शेतकरी, वसमत तालुका, जि. हिंगोली)

उत्तर : हे कदापि करू नये. मशीनचा झटका काही हजार व्होल्टचा असला तरी तो सेकंदाच्या अतिशय लहान अंशापुरता असतो आणि दोन झटक्यांत सुमारे एक सेकंदाची उसंत मिळते, तेवढ्यात जनावर सुटते. घरगुती २३० व्होल्टच्या विजेला उसंत नसते. ती स्नायू आखडून धरते आणि हात सुटतच नाही. अशा तारेला चिकटून पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूस गेला, तर तार जोडणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. काळवीट किंवा रोही मेले तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो.

आपला मूळ प्रश्न गवताचा आहे. गाजरगवत आणि वेली खालच्या तारेला टेकतात आणि प्रत्येक ओले पान थोडा थोडा करंट मातीत उतरवते. तारेखालचा दोन फुटांचा पट्टा जुलै ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी मोकळा करावा. तेवढे जमत नसेल तर खालच्या तारेला वेगळा स्विच ठेवावा, म्हणजे गवत टेकले की तेवढी तार बंद करता येते. तरीही दाब कमी राहिला तर कुंपणाचे स्विच लावून दोन भाग करावेत, ज्या भागाचा दाब पडेल त्याचे पुन्हा दोन, असे करत दोषाच्या जागेपर्यंत पोहोचता येते. काळोख्या रात्री कुंपणालगत चालून पाहिल्यास फुटक्या इन्सुलेटरपाशी ठिणगी दिसते आणि चट्चट् असा आवाजही येतो. शेळ्यांसाठी अगदी शेवटच्या टोकाला ४,००० व्होल्ट मिळाले पाहिजेत. हा आकडा दर आठवड्याला गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

प्रश्न : ट्रॅक्टरची जुनी बॅटरी या मशीनला चालेल का? (एक वाचक, परतूर, जि. जालना)

उत्तर : १२ व्होल्टची असल्यास चालेल, पण टिकणार नाही. ती इंजिन सुरू करताना क्षणभर जोर देण्यासाठी बनवलेली असते. रात्रभर हळूहळू रिकामी होणे तिला मानवत नाही. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी घ्यावी, महिन्याला डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी आणि पॅनेलवरची धूळ पुसावी. सकाळी ऊन पडण्यापूर्वी बॅटरी १२ व्होल्टच्या खाली दिसू लागली, तर पॅनेल लहान पडते किंवा बॅटरी संपत आली आहे. मे-जूनमध्ये वळवाचे ढग दाटताना दिसले, की गडगडाट सुरू होण्यापूर्वीच कुंपणाची तार मशीनपासून सोडवून ठेवावी.