शिळाछाप व्यंगचित्र: अस्सल की नक्कल?

प्रश्न: चोरबाजारात काळ्या झग्यातल्या दोन वकिलांचं फ्रेंच व्यंगचित्र मिळालं. कोपऱ्यात 'एच. डी.' सही, मागे फ्रेंच मजकूर. दुकानदार म्हणतो, दोमिएचं आहे. कसं तपासावं? आणि दोमिए तर राजाची टर उडवून तुरुंगात गेला होता ना, मग हे वकील कुठून आले?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: मागचा मजकूर पाहून हिरमुसू नका, ती चांगली खूण आहे. ऑनोरे दोमिए हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच व्यंगचित्रकार. त्याची शिळाछाप (लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली) चित्रं पॅरिसच्या 'ल शारिवारी' दैनिकात यायची. कागदाच्या एका अंगाला दगडावरून चित्र, दुसऱ्या अंगाला खिळ्यांचा (शिशाच्या सुट्या अक्षरांचा) मजकूर. मजकूर नसलेल्या, चांगल्या कागदावरच्या प्रतीही निघत. त्यांना भाव जास्त.

पण मजकुराचीही नक्कल होते, म्हणून दहापट सोनारी भिंग घ्या आणि झग्याचा करडा भाग बघा. शिळाछापाचा चुनखडी दगड वाळूने घासून खरबरीत करतात. मेण, चरबी, साबण आणि काजळीची कांडी त्याच्या उंचवट्यांवरच लागते, त्यामुळे ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे दिसतात. ठिपके ओळीत, सारख्या अंतरावर असतील तर ती फोटोवरून केलेल्या ब्लॉकची (छपाईच्या धातूच्या ठशाची) किंवा ऑफसेट यंत्राची छपाई, विषय संपला. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती असते तशी दबलेली चौकट असेल तरीही शंका घ्या, शिळाछापात ती उठत नाही. 1870 नंतरच्या अंकांत मात्र चित्र जस्तावर उतरवून, आम्लाने कोरून खिळ्यांबरोबर छापत. त्यातले करडे रंग भरड दिसतात, म्हणून ते खोटं ठरत नाही.

दगडावर चित्र काढलं की डिंकाच्या पाण्यात थोडं नत्राम्ल घालून लावतात. मग ओला दगड तेलकट शाई फक्त रेघांवर घेतो. आम्ल जास्त झालं की फिकट छटा जातात. दगड सुकला की कोऱ्या जागेवरही शाई धरते. डिंक लावण्याआधी बोट टेकलं तर बोटाचा ठसाही छापून येतो!

आता वकील. 1831च्या 'गार्गांत्युआ' या व्यंगचित्रात फ्रान्सचा राजा लुई फिलिप पैसे गिळताना दिसतो. त्यापायी दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली. 1834मध्ये सैनिकांनी पॅरिसच्या रू त्रांस्नोनँ या रस्त्यावरच्या एका घरात माणसं मारली. त्याचं चित्र त्याने काढलं: रात्रीच्या सदऱ्यातला माणूस जमिनीवर, अंगाखाली मूल. पोलिसांनी दगडही उचलून नेला. लेख जप्त झाला तर पुन्हा जुळवता येतो, दगड गेला की छपाईच खलास. सप्टेंबर 1835च्या कायद्याने चित्रांना पूर्वपरवानगी सक्तीची झाली. राजाला हात लावता येईना, तेव्हा दोमिए वकील, घरमालक, दलाल यांच्याकडे वळला. वकिलांची मोठी मालिका 1845 ते 1848मधली. आपलं चित्र अस्सल असेल तर बहुधा त्यातलं.

फ्रेमवाल्याला हार्डबोर्डवर चिकटवू देऊ नका. आम्लरहित माउंटला (चित्रामागच्या पुठ्ठ्याला) वरच्या कडेलाच, जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून टांगा. आणि पावसाळ्यात पाणी झिरपणारी बाहेरची भिंत टाळा.