ईसीयू बसवला, पुढे काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ऑटोक्रॉस शर्यतींसाठी ठेवलेल्या जुन्या जिप्सीवर मी स्पीडुइनो ईसीयू (इंजिनाचे पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा संगणक) बसवला असून मॅप, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीच्या आकड्यांची टेबले, मित्राच्या गाडीतला घेतला आहे. आयडलला इंजिन छान चालते, पण ४,००० आरपीएमच्या पुढे ओढत नाही आणि एक्झॉस्ट फार तापतो. पेट्रोल वाढवूनही फरक पडला नाही.

उत्तर : फ्युएल टेबल आहे तसेच राहू द्या आणि आधी टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा, हातात घ्या. ठिणगी उशिरा पडली की ज्वलन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत लांबते. तुम्ही सांगता ती दोन्ही लक्षणे तेव्हा एकत्र दिसतात. लॅपटॉपवर टायमिंग (पिस्टन माथ्यावर येण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते) ३० अंश दिसते म्हणून ठिणगी ३० अंशांवरच पडते, असे मुळीच नाही.

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन खरोखर वर आलेला असताना पुलीची खूण जुळते का, हे स्पार्क प्लगच्या भोकातून तपासा, कारण जुन्या पुलीचे रबर सुटून बाहेरची कडी सरकलेली मी अनेकदा पाहिली आहे. मग खुणेवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा, सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर कायम करा आणि लाइट मारत इंजिन हळूहळू ३,०००पर्यंत न्या. रेघ एकाच जागी स्थिर, पण १० सोडून दुसऱ्याच अंशावर दिसली, तर ट्रिगर अँगल (सेन्सरची खूण आणि पिस्टन माथ्यावर येणे यांतला, ईसीयूला सांगितलेला अंशांचा फरक) चुकला आहे आणि तो दुरुस्त करणे दोन मिनिटांचे काम आहे. रेघ आरपीएमबरोबर सरकत गेली, तर मात्र क्रँक सेन्सरच्या दोन तारा उलट जोडल्या आहेत का ते पाहा. दोन तारांच्या चुंबकीय सेन्सरमध्ये सिग्नलची एक बाजू ताठ आणि दुसरी उताराची असते. ईसीयू उताराची बाजू वाचू लागला की वेगाबरोबर मोजमाप सरकते. तारा बदलल्यावर ट्रिगर अँगल पुन्हा लावावा लागेल. रेघ हलेनाशी होईपर्यंत मॅपचा एकही आकडा बदलू नका.

प्रश्न : मोठे इंजेक्टर टाकल्यापासून हेडलाइट आणि रेडिएटरचा पंखा एकत्र सुरू झाले की आयडल कोसळते.

उत्तर : विजेचा इशारा मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत जो वेळ वाया जातो, त्याला डेड टाइम म्हणतात आणि बॅटरीचे व्होल्टेज घसरले की तो वाढतो. समजा आयडलला एकूण पल्स २.२ मिलिसेकंद आहे आणि त्यातला १ मिलिसेकंद डेड टाइम आहे. व्होल्टेज १४ वरून १२ वर आल्याने तो पाव मिलिसेकंद जरी वाढला, तरी इंधन साधारण एक पंचमांश घटते. इंजेक्टर जितका मोठा, तितकी आयडलची पल्स आखूड, त्यामुळे हीच चूक जास्त जाणवते. इंजेक्टरच्या उत्पादकाचा व्होल्टेजनुसार तक्ता मिळवून भरा आणि इंजिनाची अर्थिंगही तपासा.

प्रश्न : ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल भरल्यावरही वाइडबँड मीटर, म्हणजे एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा मीटर, क्रूझला (एकसमान वेगाला) १४.७ दाखवतो. मग ई२० मुळे मिश्रण लीन होते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते), हे खरे की नाही?

उत्तर : या मीटरचा सेन्सर मुळात लॅम्डा, म्हणजे संतुलित प्रमाणाच्या तुलनेत हवा किती आहे, ते मोजतो (१ म्हणजे संतुलित, त्याहून कमी म्हणजे इंधन जास्त) आणि मीटर त्याला शुद्ध पेट्रोलच्या १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. ई२० चे खरे संतुलित प्रमाण साधारण १३.५ आहे. तुमच्या ईसीयूचे क्लोज्ड लूप नियंत्रण (सेन्सर पाहून आपोआप होणारी इंधनाची दुरुस्ती) इंधन वाढवून लॅम्डा १ वर राखत असणार, म्हणून मीटर तोच आकडा दाखवतो. पूर्ण थ्रॉटलला बहुधा ही दुरुस्ती बंद असते आणि तिथेच मिश्रण खरोखर लीन होते. म्हणून मीटर लॅम्डावर ठेवा. पूर्ण भाराखाली साध्या इंजिनासाठी ०.८६ ते ०.८८ आणि टर्बोसाठी ०.८० च्या आसपास, हे सुरुवातीला सुरक्षित आकडे आहेत.

प्रश्न : डायनो (गाडी जागेवर चालवून टॉर्क मोजणारे यंत्र) नसताना नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी खडखड) ऐकू येईपर्यंत टायमिंग पुढे न्यावे, असे मेकॅनिक सांगतात. ते योग्य आहे का?

उत्तर : नाही. कमी भाराला पुष्कळ इंजिनांमध्ये सर्वाधिक टॉर्क नॉकिंगच्या बराच आधी मिळून जातो आणि त्यापुढचा प्रत्येक अंश पिस्टनला उलट दाबतो. भार जास्त असताना नॉकिंग एक्झॉस्टच्या आवाजात बुडते. कानाला कळेपर्यंत पिस्टनच्या कडा खरवडू लागलेल्या असू शकतात. दोन-दोन अंशांनीच पुढे जा, टॉर्क वाढला नाही की मागे या. आणि पूर्ण भाराचे टेबल तरी डायनोवरच करा, तो खर्च वाचवू नका.

प्रश्न : अशी गाडी रस्त्यावर चालवता येते का?

उत्तर : मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ वैशिष्ट्यांत परस्पर फेरफार करू देत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर न्या.