जीभ तिची आहे

प्रिय पोरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कर्करोगावर केमोथेरपी (केमो) चालू असलेल्या आईसाठी एका दुपारी तीन पदार्थ केलेस. तिनं प्रत्येकातला एकेक चमचा घेतला आणि म्हणाली, नाणं चघळल्यासारखं लागतंय. मग तू चाखलंस, 'छान तर झालंय' म्हणालास आणि पुढे दोघंही गप्प. आता मला विचारतोस, हिला खायला लावायचं कसं?

आधी ते 'छान तर झालंय' बंद कर. जीभ तिची आहे. केमो तुझ्या जिभेवर चाललेली नाही, तेव्हा तुझी चव तिथे साक्षीला उभीच राहू शकत नाही. ती नखरे करत नाही, हट्ट करत नाही, तुझ्या कष्टांचा अपमानही करत नाही. तिच्या तोंडात जे होतंय तेच ती सांगतेय.

जिभेवर चव ओळखणाऱ्या रुचिकलिकांमधल्या पेशी साधारण दहा-बारा दिवसांत नव्या होतात. केमोचा घाव भराभर वाढणाऱ्या पेशींवर असतो, त्यात या सापडतात. लाळही कमी होते, आणि पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय चव कळतच नाही. सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन, सायक्लोफॉस्फामाइड ही केमोची औषधं धातूच्या चवीसाठी बदनाम आहेत. काहींना तर सलाइन चालू असतानाच ती चव येते. गोड अतिगोड लागतं, मांस कडू लागतं, बाकीचं पुठ्ठ्यासारखं. यातलं कुठलं, हे फक्त तीच सांगू शकते.

म्हणून 'कसं झालंय' असं विचारू नकोस. 'काय जास्त लागतंय, काय कमी?' असं विचार. एका वाटीत चार चमचे कोमट सूप घे. शेजारी लिंबाचा रस, मीठ, साखर आणि लोणी थोडं थोडं ठेव. पहिला चमचा तिला जसाच्या तसा दे. धातूसारखं म्हणाली तर लिंबाचे चार-पाच थेंब, मग चिमूटभर साखर. कडू म्हणाली तर किंचित मीठ, मग थोडं लोणी, कारण मीठ कडूपणा दाबतं. फार गोड लागलं तर नुसतं लिंबू. पुठ्ठा म्हणाली तर आधी मीठ, मग आंबट. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर चमचा तिच्या हातात. जमलं की तेच प्रमाण उरलेल्या सुपाला लाव. लोक काय करतात, तर सगळं पातेलं स्वतःच्या जिभेवर जुळवतात आणि मग पातेलंभर अन्न वाया गेलं म्हणून चिडतात. तोंडात फोड असतील तर मात्र लिंबू, तिखट, कुरकुरीत आणि गरम सगळं बंद. तेव्हा मऊ, सपक, कोमट तेवढंच.

स्टीलचा चमचा बाजूला ठेव. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा दे. काचेची वाटी वापर. डब्याबंद पदार्थ टाळ. लाल मांसाचा हट्ट सोड, त्याऐवजी अंडं, मासा, डाळ, दही यातलं काहीही चालेल.

खाण्याआधी चूळ. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ आणि एक सपाट चमचा खाण्याचा सोडा. सोडाच, बेकिंग पावडर नव्हे. या दोघांची गल्लत घरोघरी होते. अर्धा मिनिट तोंडात खळखळवून थुंकायचं, गिळायचं नाही. दिवसातून चार-पाच वेळा, आणि पाणी रोज नवं. अल्कोहोल असलेला माउथवॉश झोंबतो आणि तोंड आणखी कोरडं करतो, तो नको. जिभेवर किंवा गालांच्या आत पांढरे डाग दिसले तर खरवडू नकोस, डॉक्टरांना दाखव. ती बुरशी असू शकते, आणि ती गेल्याशिवाय तुझी कुठलीही पाककृती चालणार नाही.

वासाचं तुझ्या लक्षातच आलेलं नाही असं दिसतं. आपण ज्याला चव म्हणतो त्यात वासाचा वाटा मोठा. गरम भांड्याचं झाकण तिच्या नाकासमोर उघडलंस की वाफेचा पहिला झोत तिच्यावर, आणि जेवण तिथंच संपलं. झाकण दुसऱ्या खोलीत उघड. दोन मिनिटं वाफ जाऊ दे, मग आण. पेय झाकणाच्या कपात स्ट्रॉ घालून दे. गार पदार्थांना वास कमी, म्हणून ते बरे पडतात. पण तिच्या औषधांत ऑक्सॅलिप्लॅटिन आहे का ते आधी विचार. असेल तर केमोनंतरचे काही दिवस गार पाणी, बर्फ, फ्रिजमधलं काहीही नाही. गाराचा स्पर्श झाला की घसा आवळल्यासारखा होतो, माणूस घाबरतो. किती दिवस पाळायचं ते तिच्या डॉक्टरांकडून घे.

आता तुझी दुसरी चूक, आणि ही प्रेमापोटी झालेली. केमोच्या दिवशी सकाळी तू तिच्या सगळ्यात आवडीचा पदार्थ केलास. १९७८ मध्ये आयलीन बर्नस्टीन या संशोधिकेनं केमो घेणाऱ्या लहान मुलांना औषधाआधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं होतं. पुढे तेच आइस्क्रीम पुन्हा समोर ठेवल्यावर त्या मुलांनी ते टाळलं. मळमळीची गाठ मेंदू शेवटच्या खाण्याशी बांधतो, दोष औषधाचा असला तरी. म्हणून आवडीचे पदार्थ जपून ठेव. केमोच्या दिवशी साधं, थोडं, आणि पुढे नावडतं झालं तरी चालेल असं दे.

केमोनंतर पहिले दोन दिवस नीट जेवली आणि मग एकदम बंद झाली, याचं तुला कोडं पडलंय. तिच्या कागदांवर डेक्सामेथासोन शोध. मळमळीसाठी देतात, पण त्यानं भूक वाढते. ते थांबलं की भूक कोसळते. चौथ्या-पाचव्या दिवशी तू काही चुकीचं रांधलं नव्हतंस. मळमळ थांबवणारं ऑन्डान्सेट्रॉन बद्धकोष्ठ करतं, आणि पोट साफ नसेल तर भूक कुठून येणार? हे डॉक्टरांना लाजून सांगायचं राहतं. तू विचार. मळमळीची गोळी जेवणाआधी किती वेळ घ्यायची, हेही विचारून घे.

केमोची एक फेरी, म्हणजे सायकल, एकवीस दिवसांची असेल तर वहीत एकवीस रकाने कर. रोज तीनच गोष्टी: काय पोटात गेलं, काय कसं लागलं (तिच्या शब्दांत, तुझ्या नव्हे) आणि शौचाला झालं का. दोन सायकलींत तिचा नकाशा तुझ्या हातात येईल. बहुतेकांचा पहिला आठवडा वाईट, तिसरा बरा. बऱ्या आठवड्यात भरपाई करायची, वाईट आठवड्यात फक्त तगायचं. चौथ्या दिवशी ती पूर्ण जेवत नाही म्हणून रडारड करण्यात अर्थ नाही.

आकडे विचारलेस, तर सांगते. दिवसाला दर किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ते दीड ग्रॅम प्रथिनं. तिच्या ५८ किलोंना म्हणजे साधारण १४५० ते १७४० कॅलरी, आणि ५८ ते ८७ ग्रॅम प्रथिनं. आम्ही आहारतज्ज्ञ मंडळी वर्षानुवर्षं हाच तक्ता हातात देऊन मोकळे होत आलो. मीही. तक्ता चुकीचा नव्हता, हे मी आजही भांडून सांगेन. आकड्याशिवाय माणूस अंधारात चाचपडतो. पण तो आधी दिला आणि जिभेचं नंतर विचारलं, कित्येकदा विचारलंच नाही, हे चुकलं. तक्ता भिंतीवर टांगलेला आणि ताट तसंच परत, अशा घरांना दोष देणं सोपं होतं. म्हणून तुला उलट्या क्रमानं सांगतेय.

भूक लागायची वाट बघू नकोस, ती येणार नाही. जागेपणी दर दोन तासांनी चार-पाच घास, छोट्या वाटीत. मोठं ताट बघूनच पोट भरतं. जेवताना पाणी घोटभरच, बाकीचं अर्धा तास आधी किंवा नंतर. आणि घास लहान असल्यामुळे प्रत्येक घासात ताकद भरायची. अर्धा लिटर दुधात ६० ग्रॅम साय काढलेली दूध पावडर घातली तर प्रथिनं १६-१७ ग्रॅमवरून ३७च्या आसपास जातात. पावडर थेट गरम दुधात टाकलीस तर गुठळ्या होतात, आणि मग उकळत बसलास तर तळाला लागून करपट वास येतो. आधी थोड्या कोमट दुधात पेस्ट कर, मग बाकीचं दूध हळूहळू ओत. हेच दूध प्यायला, हेच सुपात. केमोत काहींना दूध पचेनासं होतं. जुलाब लागले तर दह्यावर ये. अंडं पूर्ण शिजलेलं, एकात ६ ग्रॅम. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर यातलं काहीही तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, बहुधा केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास. कच्चं अंडं, न धुतलेलं फळ, दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं अन्न नाही. हे मात्र तिच्या जिभेला विचारायचं नाही.

साखर बंद केली की कर्करोग उपाशी मरतो, असं सांगणारे नातेवाईक भेटतील. ऐकून घे आणि साखर घाल. जस्ताच्या गोळ्यांनी चव परत येते असंही कुणी सांगेल. चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून स्वतःहून सुरू करू नकोस.

आणि घशात घास कोंबू नकोस. आजारात शरीरातच भूक मारणारी रसायनं तयार होतात, स्नायू झिजतात. ते नुसत्या आग्रहानं थांबत नाही. ती 'पुरे' म्हणाली की वाटी उचल, तोंड वाकडं न करता. दोन तासांनी पुन्हा ठेव. जीभ तिची, 'पुरे' पण तिचंच. वाटी पुन्हा ठेवणं एवढं तुझं.

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोचला तर रात्र असो की पहाट, लगेच रुग्णालयात न्यायचं. दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, आठवडाभर निम्म्याहूनही कमी अन्न पोटात जात असेल, किंवा महिन्यात तीन किलो उतरले असतील, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नकोस, फोन कर. नळीनं आहार द्यायची वेळ आली तरी तो तुझा पराभव समजू नकोस.

केमो संपल्यावर बहुतेकांची चव काही आठवड्यांत, काहींची काही महिन्यांत परत येते. आज नाकारलेला पदार्थ दोन-तीन आठवड्यांनी चमचाभर पुन्हा दाखव.

पुढच्या केमोची तारीख कळव. त्याआधीच्या सात दिवसांच्या वहीचे फोटो पाठव, आणि वजनही: आठवड्यातून एकदा, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. पायांना किंवा पोटाला सूज असेल तर वजनाच्या आकड्याशेजारी तेही लिही, नाहीतर पाण्याचं वजन बघून आपण दोघंही फसू.

तुझी,
मावशी