'निर्दोष' हा शब्द कोणी टाइप केला?

ऐरोलीहून एका बहिणीचं पत्र आलंय. धाकट्या भावाचं तिसरं लग्न ठरतंय, मुलगी कळव्याची, रविवारी सुपारी फुटणार. आधीच्या दोघी मारहाणीमुळे गेल्या. दोघींनी केसेस केल्या, दोन्ही मिटल्या. ताई विचारतात, अमेरिकेत निघाली तशी अशा पुरुषांची जाहीर यादी आपल्याकडे का नाही?

आणि मध्येच, ओझरतं: 'बायोडेटा मीच करून दिला. घटस्फोटित (निर्दोष).'

ताई, कंसातला तो शब्द तुमचा आहे. आता यादीच्या नावाने गळा काढू नका.

यादी असती तरी भाऊ तिच्यात नसता. टेनेसी राज्यात जानेवारी 2026 पासून सुरू झालेल्या यादीत पुन्हा पुन्हा दोषी ठरलेल्यांचीच नावं येतात. तुमच्या पहिल्या वहिनीनं पैसे मिळाल्यावर अर्ज मागे घेतला, दुसरीचा 498-अ चा, म्हणजे सासरच्या छळाचा, गुन्हा हायकोर्टात तडजोडीनं रद्द झाला. दोषी कुठेच ठरला नाही. आपल्याकडे 2018 पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे, पण ती पोलिसांनाच दिसते.

ती मुलगी शोधेलही. ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातले खटले दाखवणाऱ्या सरकारी वेबसाइटवर, ठाणे जिल्हा, नाव, वर्ष टाकेल, काहीच निघणार नाही आणि ती निर्धास्त होईल. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा अर्ज काय, 498-अ ची तक्रार काय, बाई राहते तिथे करता येते, आणि मार खाल्लेली बाई माहेरी जाते. म्हणून एक केस साताऱ्यात, दुसरी जळगावात. हे तिला कुठून कळणार? तुम्हाला माहीत आहे.

पत्राचं दीड पान आईच्या बीपीवर आहे. दुसरीच्या 'कानाला थोडं लागलं होतं', आणि पुढच्याच ओळीत ऑपरेशनला तुम्हीच घेऊन गेलात. थोडं लागलेल्या कानाचं ऑपरेशन करत नाहीत, ताई.

रविवारच्या आधी, तिच्या वडिलांना नव्हे, तिलाच कळवा: जिल्हा, कोर्ट, वर्ष, आणि घरातल्या समन्सवर किंवा आदेशाच्या प्रतीवर असलेला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या खटल्याचा ओळख क्रमांक. नंबर असला की नावाच्या स्पेलिंगचा घोळ होत नाही. नसेल, तर नावानं शोधताना 'निकाली' खटलेही निवडायला सांगा. नुसते चालू निवडले तर मिटलेली केस दिसतच नाही. विशेषणं लावू नका. कागदावर आहे तेवढंच, आणि फक्त तिला.

बायोडेटा तुमच्याच मोबाइलमध्ये असेल. तो शब्द खोडा, खाली दोन्ही केसेस लिहा, आणि आजच तिला पाठवा.