तंबोऱ्याचा खर्ज ऐकू येईल का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) या पट्टीत गाण्याचा रियाज करतो. मोबाइलवरील तंबोऱ्याचे आणि तबल्याचे ॲप लावण्यासाठी, तसेच दर गुरुवारी आमच्या अंगणात होणाऱ्या दहा-बारा जणांच्या भजनासाठी एक ब्लूटूथ स्पीकर घ्यायचा आहे. जेबीएलचे गो ३, फ्लिप ६ आणि चार्ज ५ असे तीन पाहिले आहेत. दुकानदार मात्र ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे खोक्यावर छापलेला एक स्वस्त स्पीकर पुढे करत होता. यांतला कोणता घ्यावा, आणि त्याला माइक जोडता येईल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : तो १००० चा आकडा आधी मनातून काढून टाकावा. पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी, तीही बहुधा कागदावरच, मिळणारी कमाल शक्ती. ती मोजण्याची सर्वमान्य पद्धत नसल्यामुळे उत्पादकाच्या मनाला येईल तो आकडा खोक्यावर छापला जातो. तुलना करायची ती स्पीकर सलग देऊ शकतो त्या शक्तीची, म्हणजे आरएमएस वॅटची. त्या हिशेबाने गो ३ हा ४.२ वॅटचा, फ्लिप ६ हा ३० वॅटचा आणि चार्ज ५ हा ४० वॅटचा आहे. मात्र वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाजही दुप्पट झाला, असे होत नाही. शक्ती दुप्पट केल्यावर आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे ३० आणि ४० वॅटमधला फरक आपल्या अंगणात फारसा जाणवणार नाही. ४ आणि ३० मधला मात्र नक्की जाणवेल.

आपल्यासाठी वॅटपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पुरुषाच्या आवाजातला काळी एकचा षड्ज (सा) सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. गो ३ किती खालचा स्वर वाजवू शकतो त्याची मर्यादा कंपनीच ११० हर्ट्झ सांगते. फ्लिप ६ ची ६३ आणि चार्ज ५ ची ६० आहे. म्हणजे गो ३ वर खर्जाचा मूळ स्वर जवळजवळ वाजतच नाही. तरीही तो आपल्याला ‘ऐकू’ येतो, कारण वरच्या उपस्वरांवरून मेंदू तो स्वर जुळवून घेतो. पण त्यातला भरणा जातो, तंबोरा किरटा वाटतो आणि डग्ग्याची घुमक पत्र्याच्या डब्यावर बोट आपटल्यासारखी लागते. रियाजाला बसणाऱ्याला हे दहा मिनिटांत खटकू लागते.

म्हणून दुकानात जाताना आपलाच मोबाइल न्यावा. दुकानदार नेहमी एखादे दणदणीत गाणे लावून दाखवतो, त्यावर काहीच कळत नाही. ॲपमध्ये काळी एक लावून फक्त खर्जाची तार चालू ठेवावी आणि प्रथम मध्यम आवाजात, मग पूर्ण आवाजात, चार-पाच पावले मागे सरकून ऐकावे. पुष्कळ लहान स्पीकर आवाज शेवटपर्यंत वाढवला की आतला पडदा फाटू नये म्हणून खर्ज आपोआप कमी करतात. मध्यम आवाजात गोड वाटलेला तंबोरा पूर्ण आवाजात रोडावला, तर भजनाच्या वेळीही तेच होणार.

माइकचे उत्तर नकारार्थी आहे. या तिघांनाही माइकची किंवा साधी ऑडिओ वायर लावण्याची जागा नाही. मोबाइललाच माइक करून आवाज ब्लूटूथने स्पीकरवर पाठवता येतो खरा, पण त्यात बऱ्याचदा सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतका उशीर होतो. आपला आवाज मागाहून आपल्याच कानावर येतो आणि टाळ चुकतो. ॲपच्या ठेक्यावर गाताना ही अडचण येत नाही, कारण जे ऐकू येते त्यालाच आपण धरून गातो. शिवाय अंगणातल्या दहा-बारा जणांना माइक कशाला हवा? अगदी हवाच असेल तर वायरच्या माइकची जागा असलेला ट्रॉली स्पीकर वेगळा घ्यावा.

माझे मत फ्लिप ६ च्या बाजूने आहे. तो ५५० ग्रॅमचा असून मध्यम आवाजात १२ तास चालतो, असे कंपनी सांगते. चार्ज ५ चे वजन ९६० ग्रॅम; तो २० तास चालतो आणि त्यावरून मोबाइल चार्ज करता येतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज तासन् तास जात असेल तर त्याचा विचार जरूर करावा, केवळ आवाजासाठी नव्हे. पुढे कधी दोन स्पीकरची जोडी करायची असेल तर एक खबरदारी घ्यावी : फ्लिप ६ दुसऱ्या स्पीकरला पार्टीबूस्ट या पद्धतीने जोडला जातो आणि नंतर आलेला फ्लिप ७ ऑराकास्ट या वेगळ्या पद्धतीने, त्यामुळे या दोघांची जोडी जमत नाही.

प्रश्न : एका स्पीकरवर आयपीएक्स७ आणि दुसऱ्यावर आयपी६७ लिहिले आहे. समुद्रावर नेण्यासाठी कोणता बरा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आयपी६७. यातला ६ धुळीसाठी आणि ७ पाण्यासाठी असतो. ‘एक्स’ असेल तर धुळीबद्दल काहीच हमी दिलेली नाही असे समजावे, आणि किनाऱ्यावरची वाळू पाण्याइतकीच त्रासदायक असते. ७ चा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, परंतु ही चाचणी गोड्या पाण्यातली असते. गुहागरच्या किनाऱ्यावर माझा स्पीकर एका लाटेत भिजला. तो रात्रभर छान वाजला म्हणून मी तसाच पिशवीत टाकला. आठवड्याने चार्जिंगच्या तोंडाशी हिरवट बुरशीसारखा थर दिसला आणि चार्जर लागेनासा झाला. वॉरंटीत हे बसत नाही, असे मला सांगण्यात आले. तेव्हा समुद्रावरून आल्याबरोबर स्पीकर नळाच्या पाण्याखाली धुवावा, तोंड खाली करून झटकावा आणि पूर्ण वाळेपर्यंत, निदान रात्रभर, चार्जिंगला लावू नये.